पिवळा त्रिकोण

सकाळी ८.००
मढमध्ये रात्रभर पाऊस. कृषी सेवा केंद्राचं शटर वर जातं. दुकानदार आधी फलक पुसून आजचा साठा आणि भाव लिहितो. खडू ओला, अक्षर फुटतं.

८.४०
फळ्या आवरणं. उंदराचं औषध लाल त्रिकोणाचं, ते कुलपात. मुदत संपलेल्या दोन बाटल्या वेगळ्या खोक्यात. खोक्यावर मार्करनं लिहिलंय : मुदतबाह्य, विक्रीसाठी नाही.

९.३०
वाडीवरचे एक बाबा भाताचा सुकलेला पोंगा घेऊन आलेत. खोडकिडा. दुकानदार कारटॅपचे दाणे काढतो.
"एकरी साडेसात किलो. तुमचं किती?"
"वीस गुंठे."
"मग पावणेचार."
"सुट्टं दे की."
"सुट्टं देता येत नाही, बाबा."
एकेक किलोची चार पाकिटं, ४८० रुपये. पाकिटावर तिरका चौकोन : वर लाल अक्षरांत विष, खाली पिवळा रंग. १९७१च्या कीटकनाशक नियमांतला हा पिवळा म्हणजे, वजनाच्या किलोमागे ५१ ते ५०० मिलिग्रॅम पोटात गेलं की प्रयोगातल्या जनावरांपैकी निम्मी मरतात. बाबांना तो एवढंच सांगतो, "पिवळं आहे. हातानं फेकू नका, हातमोजे घाला." आतलं माहितीपत्रक बाजरीच्या दाण्याहून बारीक अक्षरांत. छापणाऱ्यानं ते एकदा चष्म्याशिवाय वाचून पाहावं.

१२.३०
फवारणीचा मजूर. रोज ५०० रुपये. दहाचा मास्क घेतो, साठचे हातमोजे परत ठेवतो.
"पंपाचा दांडा सटकतो त्यांनी."

३.१०
बाई मुलीची वही घ्यायला निघालेली, वाटेत थांबते. कालचं उरलेलं औषध पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवलंय, अजून चालेल का?
दुकानदार उभा राहतो.
"मूळ डबा कुठाय, ताई?"
"भंगारात दिला."
"घरात पोरं आहेत?"
"वर कोनाड्यात ठेवलंय."
"कोणतं होतं?"
"पांढरं."
चौकोन, रंग, बॅच, उताऱ्याची माहिती, सगळं डब्याबरोबर भंगारात गेलेलं. तो चिकटपट्टीवर 'विष' लिहून देतो. बाटलीवर आत्ता जाऊन लावा, कुलपात ठेवा, वापरू नका. मालकाला संध्याकाळी बिल घेऊन पाठवा. बिलावर नाव असेल. वही राहू द्या, आधी घरी जा.

७.१५
मालक येतो. बिल नाही. रजिस्टर उघडतं, काल कोणाला काय विकलं ते बोटानं शोधणं सुरू होतं.