हब की स्विच? : लहान कार्यालयाच्या संगणक-जाळ्याची निवड

माळेगाव व मुसळगाव येथील औद्योगिक वसाहतींमुळे सिन्नर तालुका उद्योगक्षेत्रात परिचित आहे. तथापि, संगणक आता कारखान्यांपुरता राहिलेला नाही. जन्म-मृत्यूच्या नोंदी, घरपट्टी, शाळेचे दाखले ही गावपातळीवरील कामेही त्यावर होतात. एका कार्यालयात चार-पाच संगणक आले की ते परस्परांना जोडणे क्रमप्राप्त ठरते. या जोडणीसाठी हब घ्यावा की स्विच, याचा निर्णय विचारपूर्वक व्हावयास हवा.

दोन्ही पेट्या दिसावयास सारख्याच. कार्यपद्धती मात्र भिन्न. हब म्हणजे गावातील दवंडी. एका संगणकाने पाठविलेला संदेश तो उर्वरित सर्व संगणकांकडे धाडतो. दोघांनी एकाच वेळी संदेश पाठविल्यास त्यांची टक्कर होते व दोघांनाही तो पुन्हा पाठवावा लागतो. सेकंदाला १०० मेगाबिटची क्षमता सर्वांत वाटली जाते. शिवाय, एकासाठीची माहिती सर्व यंत्रांपर्यंत पोहोचते. नागरिकांच्या नोंदी सांभाळणाऱ्या कार्यालयास हे परवडणारे नाही.

स्विचचे काम पोस्टमनसारखे आहे. कोणते यंत्र कोणत्या पोर्टला जोडले आहे, हे तो आपोआप ओळखतो व संदेश केवळ संबंधितालाच पोहोचवितो. त्यामुळे प्रत्येक जोडणीस पूर्ण क्षमता लाभते. १९९० मध्ये अमेरिकेतील ‘कल्पना’ या कंपनीने असा स्विच प्रथम बाजारात आणला. पूर्वी स्विच महाग असल्याने हबला मागणी होती. आज ते कारण उरलेले नाही.

म्हणून भांडारात पडून असलेला जुना हब काटकसर म्हणून वापरणे हितावह नव्हे. पाच संगणक, एक प्रिंटर व इंटरनेटची जोडणी यांसाठी सात पोर्ट लागतात. आठ पोर्टांचा साधा स्विच तेथे पुरेसा होतो. वाढीची शक्यता असल्यास सोळा पोर्टांचा घ्यावा. तांब्याच्या केबलची लांबी १०० मीटरपेक्षा अधिक नसावी. एकाच केबलची दोन्ही टोके साध्या स्विचला जोडली गेल्यास संपूर्ण जाळे ठप्प होऊ शकते.

स्विचमुळे बाहेरून येणाऱ्या इंटरनेटचा वेग वाढत नाही, हेही ध्यानात ठेवावे. मात्र कार्यालयांतर्गत खोळंबा टळतो आणि दाखल्यासाठी आलेल्या ग्रामस्थाचा वेळ वाचतो. खरेदीचा खरा निकष हाच असावा.