स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तरीही?

ऑडिओ ऐकायचा राहिला असेल तरी हरकत नाही, या भागातलं सगळं इथे लिहून दिलंय. आजचा विषय आहे साक्षीदार. पैसे घेऊन खोटं बोलणारा नाही हं, तो सिनेमात भरपूर भेटतो. मी बोलतेय ते प्रामाणिक साक्षीदाराबद्दल. जो शपथेवर मनापासून खरं सांगतो आणि तरीही चुकतो.

आधीच सांगते, पुढे बलात्काराच्या एका खटल्याबद्दल बोलायचं आहे. त्रास होणार असेल तर हा भाग सोडून द्या.

तर जुलै 1984. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यातलं बर्लिंग्टन गाव. जेनिफर थॉम्पसन, वय 22, कॉलेजात शिकणारी. (पुढे तिने स्वतःच नाव उघड करून ही हकिकत जगाला सांगितली, म्हणून मी नाव घेतेय.) रात्री एक माणूस तिच्या घरात घुसला आणि त्याने तिच्यावर बलात्कार केला. त्या भयंकर वेळेतही तिने एक गोष्ट ठरवून केली, ती म्हणजे त्याचा चेहरा नीट बघून ठेवला. जिवंत राहिले तर याला पकडून द्यायचंच, असं तिच्या मनात होतं. म्हणजे लांबून, ओझरतं पाहिलेली साक्षीदार नव्हती ही.

पोलिसांनी तिच्यासमोर सहा फोटो ठेवले. तिने बराच वेळ घेतला आणि एक निवडला, रोनाल्ड कॉटनचा. बरोबर केलं ना, असं तिने विचारलं, आणि पोलिसांनी शाबासकी दिली. मग काही दिवसांनी प्रत्यक्ष ओळख परेड झाली. तिथे ती दोघांमध्ये घुटमळली आणि शेवटी पुन्हा कॉटनकडेच बोट दाखवलं. त्यानंतर तिला सांगण्यात आलं की फोटोतही तू यालाच ओळखलं होतंस.

आता जरा थांबून बघा. फोटो आणि परेड, दोन्हीकडे असलेला माणूस एकच होता, कॉटन. मग परेडमध्ये त्याचा चेहरा ओळखीचा वाटला, तो त्या रात्रीमुळे की फोटोमुळे? हे आतून कळायला काही मार्गच नसतो. आठवण आपल्याला चेहरा दाखवते, पण तो कुठे पाहिला होता याची पावती देत नाही.

1985 मध्ये कॉटनला जन्मठेप झाली. 1987 मध्ये पुन्हा खटला चालला, तेव्हा बॉबी पूल नावाच्या दुसऱ्या कैद्याला कोर्टात तिच्यासमोर उभं केलं. याला मी कधी पाहिलेलं नाही, असं ती म्हणाली. 1995 मध्ये डीएनए तपासणी झाली आणि गुन्हेगार निघाला तो हाच पूल! कॉटन सुटला, पण दहा वर्षांहून जास्त काळ तुरुंगात काढून.

यात जेनिफर खोटं बोलली का? अजिबात नाही. मग झालं काय? मला यात दोन गोष्टी दिसतात, एक विचाराची आणि एक आठवणीची.

विचाराची आधी. समोर सहा चेहरे ठेवले की डोकं हिशोब करायला लागतं. पोलिसांनी बोलावलंय म्हणजे यांच्यातलाच कुणीतरी असणार. मग सगळ्यात जवळचा कोण? प्रश्न असतो ‘तो यात आहे का’, आणि आपण उत्तर देतो ‘त्याच्यासारखा कोण दिसतो’ याचं. खरा माणूस त्या सहांत नसेल, तर हा हिशोब एखाद्या निरपराध माणसाच्या गळ्यात पडतो.

आता आठवण. 1974 मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 150 विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताची छोटी फिल्म दाखवली. मग वेगाबद्दल विचारलं. 50 जणांना विचारताना ‘गाड्या धडकल्या’ असा शब्द वापरला, दुसऱ्या 50 जणांना ‘गाड्यांचा चुराडा झाला’ अशा अर्थाचा. उरलेल्या 50 जणांना वेगाचं विचारलंच नाही. आठवड्याने सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. तरी ‘धडकल्या’ ऐकलेल्यांपैकी 7 जण हो म्हणाले आणि ‘चुराडा’ ऐकलेल्यांपैकी 16. प्रश्नातला एक शब्द बदलला आणि डोक्यातलं चित्र बदललं!

म्हणजे आठवण ही फोनमधली व्हिडिओ फाइल नाही. आपण दरवेळी ती नव्याने जुळवतो आणि मधल्या काळात कानावर पडलेलं त्यात मिसळून जातं. पोलिसांची शाबासकीसुद्धा त्यात मिसळते. त्यामुळे परेडमध्ये घुटमळणारा साक्षीदार काही महिन्यांनी कोर्टात ठाम बोलतो. न्यायाधीशांना, ज्यूरींना तो ठामपणा दिसतो, आधीचं घुटमळणं दिसत नाही.

ही एकट्या कॉटनची गोष्ट नाही. अमेरिकेत डीएनएमुळे निर्दोष ठरलेल्या पहिल्या 250 जणांचे खटले ब्रँडन गॅरेट या कायद्याच्या प्राध्यापकाने अभ्यासले. त्यातल्या 190 खटल्यांमध्ये साक्षीदारांनी चुकीचा माणूस ओळखला होता.

यावर उपाय आहेत आणि ते फार खर्चिक नाहीत. परेड घेणाऱ्यालाच संशयित कोण हे माहीत नसावं, म्हणजे नकळतसुद्धा इशारा जाणार नाही. ‘तो यात नसेलही’ असं साक्षीदाराला आधीच सांगावं. आणि ओळखलं त्याच क्षणी ‘किती खात्री आहे?’ हे त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावं. नॉर्थ कॅरोलिनाने 2007 मध्ये असा कायदाच केला.

आपल्याकडे बातम्यांमध्ये आरोपीच्या तोंडावर काळं फडकं दिसतं ना? ते आरोपीची अब्रू राखायला असतं असं अनेकांना वाटतं. त्यामागचं एक मोठं कारण ओळख परेड आहे. साक्षीदाराने चेहरा टीव्हीवर किंवा मोबाइलवर आधीच पाहिला, तर त्या परेडला अर्थ काय उरला? आणि आता विचार करा, घटनेनंतर तासाभरात ‘हाच तो’ म्हणून एक फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो. तो फॉरवर्ड करणारा स्वतःला मदतगार समजतो, पण साक्षीदाराच्या आठवणीत तो एक चेहरा घुसवत असतो.

म्हणून उद्या तुमच्यासमोर काही घडलं, तर सुरक्षित जागी जा, पोलिसांना कळवा आणि मग लगेच फोनच्या नोट्समध्ये लिहा किंवा आवाज रेकॉर्ड करा. काय दिसलं, किती लांबून, उजेड किती होता, हे सगळं. जे दिसलं नाही, तेही ‘दिसलं नाही’ असंच लिहा. सोबतच्यांशी चर्चा नंतर, व्हिडिओ बघणं त्याहून नंतर.

जेनिफर आणि कॉटन पुढे भेटले, मित्र झाले, दोघांनी मिळून 2009 मध्ये पुस्तक लिहिलं आणि कायदा बदलावा म्हणून एकत्र फिरले. आणि पूल? कॉटन आत होता त्या काळात खरा गुन्हेगार या गुन्ह्याच्या शिक्षेपासून वाचत राहिला. चुकीची ओळख निर्दोष माणसाला आत टाकते आणि त्याच वेळी खऱ्याचा शोधही थांबवते.

चला, भेटू पुढच्या भागात. आणि तो ‘हाच तो’वाला फोटो आला, तर तुमच्या फोनपाशीच थांबवा.