कातडीखालची गाठ आणि जुनी फाईल

गुदाशयाचा कॅन्सर पसरतो तेव्हा त्याचे रस्ते बहुतेक ठरलेले असतात. गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा, साधारण १२ ते १५ सेंटिमीटरचा भाग. त्याच्या वरच्या भागातलं रक्त यकृताकडे जातं, म्हणून तिथून सुटलेल्या पेशी बहुधा यकृतात अडकतात. खालच्या भागातल्या शिरा यकृताला वळसा घालून हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेला मिळतात. तिथून पुढचा मुक्काम फुप्फुस. सीटी स्कॅन पोटाबरोबर छातीचाही का काढतात, ते यावरून कळेल.

क्वचित मात्र या वाटा सोडून तो पोटाच्या भिंतीत, पाठीत, मांडीत, अगदी डोक्यावरही कातडीखाली गाठ होऊन उभा राहतो. हे विरळ आहे. आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये कातडीत किंवा तिच्याखाली पसरण्याचं प्रमाण शंभरात चारच्या आसपास किंवा त्याहून कमी सांगितलं जातं. विरळ असल्यामुळेच ते पटकन कुणाच्या ध्यानात येत नाही.

पेशी तिथे पोचतात कशा? सर्वांत सरळ वाट ऑपरेशनच्या जागेची. टाक्यांच्या व्रणात, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या छिद्रात किंवा शौचासाठी पोटावर काढलेल्या स्टोमाच्या कडेला पेशी रुजू शकतात. दुसरी वाट लसिकावाहिन्यांची. गुदद्वाराजवळचा आजार जांघेतल्या ग्रंथींपर्यंत अशाच वाटेने जातो. तिसरी रक्ताची. मणक्याभोवतीच्या शिरांत झडपा नसतात, हे अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ ऑस्कर बॅटसन यांनी १९४० मध्ये दाखवलं. खोकताना, कुंथताना पोटातला दाब वाढला की तिथलं रक्त उलटं फिरू शकतं आणि पेशी यकृत-फुप्फुसाची चाळणी चुकवून भलतीकडेच निघतात.

पण पोचलेली प्रत्येक पेशी जगत नाही. १८८९ मध्ये लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या आणि म्हणाले, बी चारी दिशांना उडतं, उगवतं मात्र मानवेल त्याच मातीत. स्नायू ही अशीच न मानवणारी माती. सतत आकुंचन, कमीजास्त होणारा रक्तपुरवठा आणि तिथे तयार होणारं लॅक्टिक आम्ल यांमुळे पेशींना जम बसवता येत नसावा, असं मानतात. म्हणून कातडीखाली किंवा स्नायूत गाठ रुजली, तर आजार बहुधा इतरत्रही पसरलेला असतो. अशा गाठीची बातमी जड असते, हे रुग्णापासून लपवून उपयोग नाही.

आता गाठीकडे वळू. कातडीखालच्या बहुतेक गाठी चरबीच्या असतात: मऊ, बोटाखाली सरकणाऱ्या, वर्षानुवर्षं तेवढ्याच. पसरलेल्या कॅन्सरची गाठ बहुधा टणक लागते, खालच्या भागाला चिकटलेली असते, काही आठवड्यांत वाढते आणि पुष्कळदा दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस थांबतो, आणि घोटाळा तिथेच होतो. नुसत्या बोटांवर मात्र कुणीच निदान करू नये. बारीक सुई गाठीत घालून चारदोनदा मागेपुढे करतात, सुईत आलेला थेंब काचेवर पसरतात. काम काही मिनिटांचं असतं. खात्री करायला जाड सुईने तुकडा घेतात. त्यावर खास रंग चढवून सीके२० आणि सीडीएक्स२ ही प्रथिनं सापडली आणि सीके७ सापडलं नाही, तर बोट आतड्याकडे वळतं. मग जुन्या ऑपरेशनच्या स्लाईड शेजारी ठेवून पाहतात. परळचं टाटा मेमोरियल १९४१ मध्ये सुरू झालं तेव्हा तिथली पॅथॉलॉजी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी उभी केली. काचेवरच्या पेशी वाचण्याची ही विद्या आपल्या दाराशी तेव्हापासून आहे.

निदान पक्कं झालं की मुख्य उपचार सगळ्या शरीराला पोचणाऱ्या औषधांचा, म्हणजे केमोथेरपीचा. ट्यूमरची जनुकीय तपासणी करून कुणाला त्याबरोबर लक्ष्यवेधी औषधं, तर कुणाला त्याऐवजी इम्युनोथेरपीही देता येते. गाठ एकटीच असेल, दुखत किंवा फुटत असेल, तर ती काढतात किंवा तिला रेडिएशन देतात.

आपल्या पालघर-बोईसरकडे मात्र खरी अडचण या उपचारांच्या आधीची आहे. तारापूरच्या कारखान्यात पाळीवर जाणारा माणूस शौचावाटे रक्त गेलं तर मूळव्याध समजून मलम आणतो. परळला जायचं तर पूर्ण दिवसाचा खाडा पडतो. डहाणू लोकल २०१३ पासून थेट चर्चगेटपर्यंत जाते, दादरला उतरून परळ जवळ आहे, तरी पहाटे निघून रात्री परतायचं म्हणजे बरोबर येणाऱ्याचीही मजुरी बुडते. हे ओझं खरं आहे, त्याला आळस म्हणणं अन्यायाचं. म्हणून सोयी ठाऊक हव्यात: कॅन्सरच्या रुग्णाला लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात बसता येतं, लांबच्या गाडीत भाड्याची सवलत मिळते, दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा रुग्ण-नातेवाइकांना आसरा देते, आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार येतात.

दोन गोष्टी मात्र गावातच होऊ शकतात. रक्त जात असेल, तर मलम घेण्याआधी डॉक्टरांना बोटाने गुदाशय तपासायला सांगा. बोट पोचतं तेवढ्या ७-८ सेंटिमीटरमध्येच आपल्याकडचे पुष्कळ गुदाशयाचे कॅन्सर असतात. आणि ज्याला हा आजार होऊन गेलाय, त्याच्या अंगावर नवी गाठ आली तर जुनी फाईल घेऊनच दवाखान्यात जा. गाठ काढलीच, तर ती फॉर्मेलिनच्या बाटलीतून पॅथॉलॉजी लॅबला गेलीच पाहिजे. तिचा रिपोर्ट हातात घेतल्याशिवाय ते प्रकरण संपलं असं समजू नका.