काळोखालाही कायद्याचे कवच हवे

पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातील क्षेत्राला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. नागपूरकरांस या घटनेचा अभिमान वाटणे स्वाभाविकच होय. परंतु आकाशगंगा पाहण्यासाठी शहरातील मुलाने वाघाच्या रानापर्यंत जावे, ही स्थिती मात्र भूषणावह नव्हे.

जगभरच्या हौशी निरीक्षकांनी २०११ ते २०२२ या काळात केलेल्या ताऱ्यांच्या नोंदींवरून आकाशाची कृत्रिम उजळण दरसाल सरासरी सुमारे १० टक्क्यांनी वाढल्याचे दिसून आले. या गतीने ती आठ वर्षांच्या आतच दुप्पट होते. रस्त्यासाठी लावलेल्या दिव्यास वरून झाकण नसेल तर त्याचा काही उजेड आकाशात वाया जातो. त्यातून निळसर पांढरा एलईडी असला म्हणजे तो उजेड वातावरणात अधिकच विखुरतो. वीजबिल मात्र करदात्यालाच भरावे लागते. रात्री स्थलांतर करणारे पक्षी अशा उजेडाने वाट चुकतात आणि कोकणच्या किनाऱ्यावरील कासवांची पिले समुद्राऐवजी दिव्यांकडे वळतात.

काळोखाची तरफदारी म्हणजे चोरांना मोकळे रान, असा आक्षेप कोणी घेईल. रात्री एकटीने घरी परतणाऱ्या भगिनींची काळजी आम्हांसही आहे. म्हणूनच आमची मागणी दिवे काढण्याची नसून ते नीट लावण्याची आहे. डोळे दिपविणारा दिवा आपल्यापलीकडची सावली अधिक गडद करतो. झाकलेला दिवा रस्ता उजळतो.

अमेरिकेतील फ्लॅगस्टाफ नगराने आकाशात फिरणाऱ्या जाहिरातींच्या झोतदिव्यांवर १९५८ मध्येच बंदी घातली. फ्रान्सने २०१८ च्या आदेशाने बाहेरील दिव्यांची दिशा, रंग आणि वेळ यांचे नियम ठरविले. लडाखमधील हानले परिसर २०२२ मध्ये 'डार्क स्काय रिझर्व्ह' म्हणून अधिसूचित झाला. पेंचलगतच्या खेड्यांत शंभराहून अधिक दिवे जमिनीकडे तोंड करणारे बसविण्यात आले. खेड्यांना जे साधले, ते महानगरास का साधू नये?

देशात या विषयाचा स्वतंत्र कायदा नाही. तो होईपर्यंत महानगरपालिकेने थांबण्याचे कारण नाही. यापुढील प्रत्येक निविदेत झाकणाचे व उबदार रंगाचे दिवे अनिवार्य करावेत, आणि मध्यरात्रीनंतर जाहिरातफलकांचे दिवे बंद ठेवण्याचा नियम करावा. याला नवा खर्च फारसा लागत नाही. लागते ती इच्छा. ती आमच्या नगरसेवकांनी दाखवावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.