राज्य सोडून आलेला सोबती

सीताबर्डीच्या पदपथावर परवा जुनी पुस्तके चाळताना 'इंद्रजाल कॉमिक्स'चा एक जीर्ण मराठी अंक हाती लागला. 'टाइम्स ऑफ इंडिया' समूहाने १९६४ साली सुरू केलेली ही चित्रकथामाला १९९० मध्ये, माझ्या शाळकरी वयातच, बंद पडली. अंक मँड्रेक जादूगाराचा होता. काळी उंच टोपी, खांद्यावर झगा, आणि मागे नेहमीप्रमाणे लोथार.

लहानपणी आम्हां मुलांत मँड्रेक होण्यासाठी भांडणे होत. लोथार वर्गातल्या धिप्पाड मुलाच्या वाट्याला येई. आज अर्थशास्त्र शिकविताना वाटते, आमची निवड चुकली. मँड्रेकची विद्या मुख्यतः संमोहनाची. त्याने हात फिरविला की शत्रूला भलतेच दिसू लागते. पण आभासाने कुलूपबंद दार मोडत नाही, कोसळलेली तुळई हलत नाही. तेथे लोथारचेच बाहू लागतात. शिवाय हा कोणी पोटार्थी नोकर नव्हे. कथेनुसार तो आफ्रिकेतील सात राष्ट्रांच्या संघाचा राजपुत्र. राजपद नाकारून मित्रासोबत निघालेला. एखाद्या निवडीची किंमत तिच्यासाठी काय सोडले यावरून ठरते. आम्ही तिला संधी-खर्च म्हणतो. मँड्रेकने काय सोडले, ते मला तरी आठवत नाही!

आणि या त्यागाचे फळ काय? ली फॉक यांनी १९३४ मध्ये ही जोडी निर्माण केली, तेव्हा लोथारच्या अंगावर बिबट्याचे कातडे होते आणि तोंडी मोडकीतोडकी इंग्रजी. फ्रेड फ्रेडरिक्स यांनी १९६५ साली चित्रे हाती घेतल्यावर त्याला शुद्ध भाषा व माणसासारखा पोशाख लाभला. मित्र म्हणविणाऱ्याला एवढ्यासाठी एकतीस वर्षे थांबावे लागले. वर्णाचा प्रश्न येथे उघडच आहे. तथापि दोष केवळ परदेशी चित्रकारांच्या माथी मारून आपली सुटका होत नाही. राष्ट्रीय उत्पन्नाचा धडा शिकविताना, गृहिणीचे घरातील विनामोबदला श्रम त्यात धरले जात नाहीत, हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. विद्यार्थी ते निमूटपणे उतरवून घेतात. क्वचित एखादी मुलगी हात वर करून "का?" विचारते, आणि मी मोजमापाच्या अडचणी सांगू लागतो.

अंकाचे पैसे दिले तेव्हा विक्रेता म्हणाला, "मँड्रेकचे आणखी दोन आहेत, सर." लोथारचे म्हणून त्याच्याकडे कधी कोणी काही मागितले नसावे. मीही मागितले नाही.