गाडी नको, तिथी बघा!

‘कोकणात जाऊ या’ असं ग्रुपवर कोणी टाकलं की पाठोपाठ दोन प्रश्न येतात. गाडी कोणाची? आणि एका रूममध्ये किती जण? मग ठरतं ते नेहमीचंच. शुक्रवारी रात्री निघायचं, हायवेवर पहाट करायची, एकाच बीचवर दोन दिवस लोळायचं आणि रविवारी त्याच हायवेवर पुन्हा अडकायचं. निम्मे पैसे पेट्रोलमध्ये जातात, उरलेले रूममध्ये. समुद्र दिसतो, फोटो येतात, पण किनारा मात्र पाहायचा राहून जातो.

यंदा एक वेगळा प्लॅन करून बघा. पाठीवर एक सॅक, खिशात एसटीचा पास आणि मोबाइलमधल्या मॅपच्या जोडीला घरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर. हो, तिथीवालं! त्याचं काम काय, ते पुढे कळेलच.

आपल्या किनाऱ्याची लांबी भूगोलाच्या पुस्तकात ७२० किलोमीटर अशी पाठ केलेली असते. पण हा किनारा सलग नाही. अलिबागहून रत्नागिरीकडे निघालात की दर थोड्या अंतरावर जमीन संपते आणि खाडी आडवी येते. रेवदंड्याला कुंडलिका, मुरुडच्या पुढे राजपुरीची खाडी, हरिहरेश्वरजवळ सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री. गाडीवाले अशा ठिकाणी वळसा घालून हायवे गाठतात. पायी फिरणारा धक्क्यावर जातो, तिकीट काढतो आणि दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे उतरतो.

आधी पाऊणकीचा हिशेब

या किनाऱ्यावर दोन घड्याळं चालतात. एक आपल्या मनगटावरचं, दुसरं समुद्राचं. दिवसातून साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि त्यांची वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते. त्यामुळे आज सकाळी जिथे क्रिकेट रंगलं होतं, तिथे चार दिवसांनी त्याच वेळी पाणी असतं.

हे गणित सोडवायचा जुना उपाय एका ओळीचा आहे: तिथीची पाऊणपट करा, म्हणजे भरतीची वेळ मिळते. त्यात सहा मिळवा, म्हणजे ओहोटीची. समजा चतुर्थी आहे. चारची पाऊणपट तीन. म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमाराला, पहाटेही आणि दुपारीही. पूर्ण ओहोटी नऊच्या आसपास. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच, आणि अमावास्या १५ धरायची. हा अंदाज ढोबळ आहे आणि मुंबई-रायगडच्या पट्ट्याला जास्त लागू पडतो. दक्षिणेकडे गेलात की वेळा थोड्या बदलतात. म्हणून अचूक वेळेसाठी भरतीचा तक्ता बघा आणि धक्क्यावरच्या माणसाला विचारा.

आणखी एक गोष्ट. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतंही. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, म्हणजे चढ-उतार दोन्ही कमी.

याचा पहिला उपयोग अलिबागलाच होतो. कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो आणि भरतीत त्याचं बेट होतं. किल्ल्याला खंदक खणायची गरजच पडली नाही. तो दिवसातून दोनदा आपोआप भरतो! चतुर्थीला जात असाल तर सकाळी साडेसातनंतर निघा, आंग्रेकालीन गणपतीचं दर्शन घ्या, तटावरून फेरी मारा आणि साडेदहाच्या आत किनाऱ्यावर परत या. अष्टमीला गेलात तर मात्र ओहोटीतही वाटेत पाणी राहू शकतं. आणि परतताना पाणी चढायला लागलेलं दिसलं, तर ‘धावत गेलं की होईल’ हा विचार सोडून द्या. सरळ होडीने या.

पाण्यावरचा रस्ता

आता प्रत्यक्ष वाट. मुंबईकरांनी गेटवेहून लाँचने किंवा भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा गाठायचं, तिथून अलिबाग. पुणेकरांनी थेट अलिबागची एसटी धरायची. अलिबाग ते मुरुड एसटीने, रेवदंड्याचा पूल ओलांडून. मुरुडजवळच्या आगरदांड्याहून फेरीबोट दिघीला सोडते. तिथून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. हरिहरेश्वरहून जवळच बागमांडला. इथून फेरीबोटीत बसलात की रायगड जिल्हा मागे पडतो आणि समोर वेश्वीला रत्नागिरी जिल्हा सुरू होतो. पुढे बाणकोट, वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै. दापोली तालुका संपतो तो दाभोळच्या धक्क्यावर. दाभोळ ते धोपावे पुन्हा फेरीबोट, मग गुहागर, हेदवी. तवसाळहून शेवटची फेरी जयगडला आणि तिथून गणपतीपुळेमार्गे रत्नागिरी.

एक सावधगिरी: या वाटेवर मुरुड दोन आहेत. एक जंजिऱ्याचं, रायगड जिल्ह्यात. दुसरं दापोलीजवळचं, महर्षी कर्व्यांचं. एसटीची पाटी नुसती ‘मुरुड’ वाचून चढू नका.

सगळं एका दमात करायचं असा नियम नाही. तीन दिवस असतील तर अलिबाग ते हरिहरेश्वर करा. सहा-सात दिवस असतील तर रत्नागिरीपर्यंत जा आणि कोकण रेल्वेने परत या. आणखी दिवस हातात असतील तर रत्नागिरीहून रेल्वेने कुडाळ आणि तिथून एसटीने मालवण.

एसटीचं वेळापत्रक हा वेगळाच विषय आहे. आडगावांना दिवसाला मोजक्याच गाड्या असतात. त्यातली कामाची गाडी म्हणजे मुक्कामाची. ती रात्री गावात येते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात आणि पहाटे ती परत फिरते. गावात पोहोचल्या पोहोचल्या पहिला प्रश्न हाच विचारा: ‘मुक्कामाची गाडी सकाळी किती वाजता सुटते?’ ती चुकली की मग रिक्षा, नाहीतर तंगडतोड.

बेटं: कुठे गर्दी, कुठे शुकशुकाट

जंजिऱ्याला राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या जातात. होडी अगदी जवळ जाईपर्यंत किल्ल्याचा दरवाजा दिसत नाही आणि तिथेच बांधणाऱ्याचं डोकं कळतं. मराठ्यांनी पुन्हा पुन्हा प्रयत्न करूनही हा किल्ला पडला नाही. १९४८मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत तो सिद्दींकडेच राहिला. मुरुडच्या किनाऱ्यावरून समुद्रात दिसतो तो पद्मदुर्ग. सिद्दीला शह द्यायला शिवाजी महाराजांनी तो उभारला. एकाच पाण्यातले हे दोन किल्ले एकमेकांवर डोळा ठेवून उभे आहेत, हे लक्षात ठेवून पाहिलंत तर नुसते दगड दिसणार नाहीत.

हर्णैचा सुवर्णदुर्ग याच्या उलट. तिथे रांग नाही, दुकान नाही, वस्ती नाही. होडी ठरवून जायचं, पाणी-खाऊ बरोबर न्यायचा, कचरा परत आणायचा. होडीवाल्याशी परतीची वेळ आधीच पक्की करा, कारण ती वेळ तुमच्या मूडवर ठरत नाही, पाण्यावर ठरते. संध्याकाळी हर्णैच्या बंदरात मासळीचा लिलाव बघायला थांबा. होड्या उथळ पाण्यात अलीकडेच थांबतात आणि मासळी आणायला बैलगाड्या थेट समुद्रात शिरतात. तिथे आपण पाहुणे आहोत हे विसरू नका. टोपल्या घेऊन धावणाऱ्या बायकांच्या वाटेत रील काढत उभं राहिलात तर जे ऐकावं लागेल, ते पूर्णपणे तुमच्या जबाबदारीवर.

मालवणला पोहोचलात तर सिंधुदुर्ग. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर त्याचं काम सुरू झालं. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. युनेस्कोने २०२५मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यातले चार या किनाऱ्यावरचे आहेत: खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. विजयदुर्ग सोडला तर बाकी तिघांना होडीशिवाय वाट नाही.

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये निघालात तर वेळासला एक रात्र ठेवा. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी इथे पूर्वी चोरीला जायची. २००२पासून सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. आता पिल्लं समुद्रात सोडतात तेव्हा बघायला माणसं येतात आणि गावातल्या घरांत राहतात. पिल्लं रोज निघतीलच असं नाही. निघाली तर दोरीच्या मागे उभं राहा, फ्लॅश बंद ठेवा, हात लावू नका. तळहाताहून लहान जीव लाटेपर्यंत स्वतःच्या पायांनी जातो, तो प्रवास त्याचा त्यालाच करू द्या.

पाण्यात उतरण्याआधी

आता जरा गंभीर. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याच्या कॉलेजचे १४ विद्यार्थी बुडाले. वादळ नव्हतं, पावसाळा नव्हता. तुमच्या-आमच्यासारखीच मुलं होती, सहलीची मजा करायला आलेली. त्यानंतरही दर सुट्टीत कोकणातून अशा बातम्या येतच असतात.

शांत दिसणारं पाणी शांत असतंच असं नाही. ओहोटी लागली की पाणी आत ओढतं. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे ही ओढ सर्वांत जास्त असते, आणि नेमकी तीच जागा फोटोत सर्वांत सुंदर दिसते. वाळूत अचानक खड्डे असतात. दोन पावलांपूर्वी गुडघ्याएवढं असलेलं पाणी गळ्याशी येतं. स्विमिंग पूलमध्ये शिकलेलं पोहणं इथे पुरत नाही.

म्हणून नियम साधे ठेवा. ओहोटी लागल्यावर पाण्यात जायचं नाही. खाडीच्या मुखाशी तर कधीच नाही. गावातला माणूस ‘इथे नको’ म्हणाला की ‘का’ विचारत बसायचं नाही. कमरेच्या वर पाणी नको. दारू प्यायलेल्याला पाण्याजवळही फिरकू द्यायचं नाही, तो कितीही जिगरी दोस्त असला तरी. ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने जीव खाऊन हात मारू नका, दमाल. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर पडा, मग वळा. आणि कोणी बुडताना दिसलं तर साखळी करून आत धावू नका. एकाच्या मागे बाकीचे जातात ते असेच. दोरी, रिकामं कॅन, ओंडका, जे तरंगतं ते फेका आणि कोळ्यांना हाक मारा.

होडीतही तेच. लाइफ जॅकेट घामट असलं तरी घाला. माणसं जास्त भरलेली दिसली तर पुढच्या होडीची वाट बघा.

पूल आल्यावर

रेवस ते रेडी सागरी महामार्गासाठी या खाड्यांवर पूल होऊ घातले आहेत. आंजर्ल्याला पूर्वी हर्णैहून तरीने जावं लागायचं, आता पूल आहे. दाभोळ-जयगडचंही कधीतरी तेच होईल. फेरीबोटी संपणार म्हणून आपल्याला हळहळ वाटेल. पण शेवटची फेरी गेल्यावर रात्री कोणाला पलीकडच्या दवाखान्यात न्यायचं असेल, तर खाडीकाठच्या माणसाला काय वाटत असेल? आपल्या पंधरा मिनिटांच्या गमतीसाठी त्याने आयुष्यभर धक्क्यावर थांबावं, ही अपेक्षा बरी नव्हे.

तरी फेरी चालू आहे तोवर तिच्यात बसून घ्या. पूल तुम्हाला गावावरून नेतो, काच खाली न करताही. धक्का मात्र थांबवतो. तिथे मासळीची टोपली घेतलेली मावशी असते, कॉलेजला निघालेली पोरं असतात, भाचीच्या लग्नाला निघालेलं अख्खं कुटुंब असतं. फेरीला अवकाश असतो आणि कोणीतरी विचारतंच, ‘कुठले तुम्ही?’ बसायला कुठे, जेवायला कुठे, पाणी कधी उतरणार, ही सगळी माहिती त्या एका प्रश्नाच्या उत्तरातून सुरू होते.

निघण्यापूर्वी

* एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास चार किंवा सात दिवसांचा मिळतो. मुलींना मार्च २०२३पासून एसटीत निम्मं तिकीट आहे. पास परवडतो की सुटी तिकिटं, हिशेब करून ठरवा.
* घरगुती जेवण हवं असेल तर किती जण जेवणार ते सकाळीच सांगा. आयत्या वेळी आठ जण दारात उभे राहिलात तर सोलकढी-भातावर भागवावं लागेल.
* रोख पैसे, तेही सुटे, जवळ ठेवा. धक्क्यावर रेंज असेलच असं नाही.
* नोव्हेंबर ते मार्च सर्वांत चांगला काळ. जून ते ऑगस्टमध्ये बेटांच्या होड्या बंद असतात. तेव्हा कोकण बघा, पण जमिनीवरून.
* शेवटची फेरी किती वाजता, हे पहिल्या फेरीत बसतानाच विचारून ठेवा.