तेवीस अधिक तेवीस, तेवीसच!

कळंब्यात आमच्या शेजारच्या आजोबांच्या छातीत एका रात्री दुखू लागलं. रिक्षा दारात आली. पण संभाजीनगरवरून जायचं की रिंग रोडने रंकाळ्याकडून, यावर आम्हा चौघांत वाद सुरू झाला. आजोबा पुढे सुखरूप घरी आले. मी पडलो गणिताचा मास्तर. तो वाद माझ्या डोक्यात राहिला, कारण त्यात एक अख्खं बीजगणित दडलेलं आहे.

समजा, एका वाटेने सीपीआर रुग्णालयाला २३ मिनिटं लागतात, दुसरीने २६. आपण लहान आकडा निवडतो. या निवडीलाच ‘बेरीज’ म्हणू या. मग २३ अधिक २६ बरोबर २३. दोन्ही वाटा २३ मिनिटांच्या असतील, तर २३ अधिक २३ सुद्धा २३च! स्वतःतच मिळवून संख्या बदलत नाही, या गुणाला ‘आयडेम्पोटंट’ म्हणतात. एकापुढे एक टप्पे जोडताना मिनिटांची जी नेहमीची बेरीज करतो, तो इथला ‘गुणाकार’. या दोन क्रियांची मिळून झाली आयडेम्पोटंट सेमीरिंग.

इथे वजाबाकी नाही. उत्तर २३ आलं, एवढ्यावरून सोडलेली वाट किती मिनिटांची होती, ते परत काढता येत नाही. मोबदल्यात क्रम मात्र मिळतो. बेरजेत जी संख्या टिकते, ती सरस.

लग्नाची गाडी शेवटचा वऱ्हाडी आल्यावरच सुटते. तिथे मोठा आकडा निवडायचा, नियम तेच. ठरावीक समीकरणं पाळणाऱ्या सगळ्या रचनांच्या कुळाला ‘व्हरायटी’ म्हणतात. अशी कुळं कशी ओळखावीत, हे गॅरेट बर्कहॉफ यांनी १९३५ साली दाखवलं. फायदा असा, की कुळासाठी एकदा सिद्ध केलेला नियम प्रत्येक घराला लागू पडतो.

कंस सोडवण्याचा शाळेतला नियमही इथे चालतो. दोन्ही वाटांना सामाईक असलेला टप्पा आधी मिळवा किंवा निवडीनंतर मिळवा, उत्तर एकच. त्यामुळे प्रत्येक वाट पहिल्यापासून मोजावी लागत नाही. एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेली सर्वांत जवळची वाट शोधण्याची रीत अशाच हिशेबावर उभी आहे.

आता त्या रात्रीकडे या. समजा, आमच्या वादात ५ मिनिटं गेली. ती दोन्ही वाटांत मिळवायची: २८ आणि ३१. म्हणजे ३ मिनिटं वाचवण्यासाठी आम्ही ५ घालवली. कोणतीही वाट निवडली असती, तरी ती परत मिळणार नव्हती.